तपासून सही

'फाइल' या शब्दाबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. आमच्या शाखेत फाइल म्हणजे साहेबांना हवी असताना न सापडणारी आणि नको असताना नेमकी त्यांच्या टेबलावर उघडी पडलेली वस्तू. त्यामुळे 'आमच्या चिरंजीवांना पुण्यात फाइल सिस्टीमचं काम मिळालंय, तुझ्याकडेच राहील' असे बहिणीने कोल्हापूरहून फोनवर कळवले तेव्हा मला वाटले, पोरगा जिल्हा परिषदेत चिकटला. पगाराचा आकडा ऐकल्यावर हा गैरसमज आपोआप दूर झाला.

फाइल सिस्टीम म्हणजे काय हे भाच्याने मला पहिल्याच रविवारी समजावून दिले. कॉम्प्युटरची डिस्क ही एक अजस्र कोरी वही. तिला तुमचे फोटो, हिशेब, मामीच्या पाककृती यातले काहीएक कळत नाही. तिला फक्त पानांचे नंबर कळतात. कुठली गोष्ट कुठल्या पानावर आहे, कुठले पान भरलेले, कुठले रिकामे, याचा हिशेब ठेवणारा जो प्रोग्राम, ती फाइल सिस्टीम.

"म्हणजे खतावणी," मी म्हणालो.

"खतावणी म्हणजे?"

बी. कॉम. झालेल्या माणसाच्या आयुष्यात इंजिनिअरला काही शिकवण्याचे प्रसंग फार थोडे येतात. मी आणखी एक चहा सांगितला आणि त्याला कीर्द, खतावणी, तेरीज अशी पाऊण तास संथा दिली. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "अरे मामा, आमच्यात पण सेम आहे. आधी जर्नलमध्ये लिहायचं, मग खऱ्या जागी. मधेच लाइट गेली तर जर्नल वाचून पुन्हा जुळवून घ्यायचं." आमचे व्यापारी हे पिढ्यान्‌पिढ्या समईच्या उजेडात करत आले, त्यांना लाइट जाण्याचीही भीती नव्हती. पण नावसुद्धा जर्नलच ठेवलेले पाहून मला या क्षेत्राबद्दल एकदम घरोबा वाटू लागला.

भाचा मात्र ही खतावणी स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी तिच्यात केलेल्या दुरुस्त्या तो तपासतो. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स नावाची प्रणाली सुरू केली. तिच्यात जगभरची माणसे दुरुस्त्या पाठवतात. पाठवणाऱ्याने स्वतःची सही करायची, आणि दुसऱ्या कोणी ती ओळ न्‌ ओळ वाचून 'मी तपासली' अशी नावानिशी नोंद करायची. बँकेत याला मेकर आणि चेकर म्हणतात. मेकर नोंद करतो, चेकर पास करतो. आमच्याकडे एक चेकर होते, ते मार्चअखेरीला व्हाउचरचा गठ्ठा पुढे ओढत आणि सह्या करताना नजर खिडकीबाहेरच्या वडापावच्या गाडीवर ठेवत. गठ्ठा संपायला आणि घाणा निघायला एकच गाठ पडे. भाच्याच्या धंद्यातही अशी माणसे आहेत की काय, असे मी विचारले. तो म्हणाला, "वडापाव नाही मिळत तिकडे, एवढाच फरक."

त्यातून भाच्याकडे येतात त्या दुरुस्त्या एका खास जातीच्या. सगळे सुरळीत चालले तर काय करायचे, हे लिहायला उत्साही माणसे पुष्कळ असतात. काही बिघडले तर काय करायचे, हे ज्या ओळींत लिहिलेले असते त्या ओळींच्या या दुरुस्त्या. या ओळी वर्षानुवर्षे कोणी चालवूनच पाहत नाही. आगगाडीच्या डब्यातल्या साखळीसारखे त्यांचे असते. सगळ्यांना दिसते, खाली दंडाची रक्कम लिहिलेली असते, पण ओढली तर गाडी खरोखर थांबते का, हे सांगणारा प्रवासी भेटत नाही.

फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक काम झाले की त्याचे उत्तर आकड्यात येते. सगळे ठीक असेल तर शून्य. शाळेत शून्य मिळाल्यावर ज्यांनी घरी मार खाल्ला त्यांना हे पचायला कठीण, पण आहे खरे. बिघडले तर उणे आकडा. उणे ५ म्हणजे डिस्कवर वाचता किंवा लिहिता आले नाही. उणे १२ म्हणजे मेमरी मिळाली नाही. उणे २८ म्हणजे जागा शिल्लक नाही. उणे ३० म्हणजे इथे फक्त वाचा, लिहू नका, वाचनालयातल्या वर्तमानपत्रासारखे. उणे ११७ चा खुलासा 'रचनेची साफसफाई आवश्यक' असा आहे, तो ऐकून आमच्या हिने भाच्याच्या खोलीकडे एकदाच पाहिले. मला सगळ्यांत आवडला तो उणे २५. त्याचा अर्थ पूर्वी 'हा टाइपरायटर नव्हे' असा छापून येत असे. काम काहीही सांगा, ते आपल्या खात्यातले नसले की 'हा टाइपरायटर नव्हे' म्हणायचे. एवढे स्वच्छ उत्तर आमच्या चौकशी खिडकीला अजून सुचलेले नाही.

मोठी गडबड सापडली तर पुढे काय करायचे, हेही आधी ठरवून ठेवता येते. लिनक्समधली जी नेहमीची फाइल सिस्टीम आहे, एक्स्ट-फोर, तिला तीन पर्याय देता येतात. पहिला, काही झालेच नाही असे समजून काम चालू ठेव. दुसरा, आता लिहिणे बंद, फक्त वाचायला उघडी राहा. तिसरा, सगळे यंत्रच बंद पाड. या तिन्ही पर्यायांच्या हाताखाली मी नोकरी केली आहे. पहिल्या प्रकारच्या साहेबांना बढती लवकर मिळते, तिसऱ्या प्रकारच्यांना रक्तदाब.

खरी गंमत मला वाटली ती माघार घेण्याच्या पद्धतीत. समजा लग्न ठरले. आधी कार्यालय घेतले, मग आचारी ठरवला, मग बँड. बँडवाला म्हणाला, त्या दिवशी आम्ही निपाणीला. बँडशिवाय लग्न करायचे नाही असा मुलाच्या आत्याचा हट्ट, म्हणजे बेत मोडला. तर आता काय करायचे? आधी आचाऱ्याला नको म्हणून सांगायचे, मग कार्यालय सोडायचे. बँडवाल्याला काहीच सांगायचे नाही, कारण तो मिळालाच नव्हता. आचारीच मिळाला नसता तर फक्त कार्यालय सोडायचे. जेवढे घेतले तेवढेच सोडायचे, आणि उलट्या क्रमाने. फाइल सिस्टीमचे जवळजवळ प्रत्येक काम हे असे लग्न असते. मेमरी घे, कुलूप लाव, जर्नलमध्ये नोंद उघड, पान आण, पानावर लिही. कुठेही बिनसले की 'गो टू आउट' म्हणून थेट शेवटच्या पायऱ्यांवर उडी मारायची आणि जिथपर्यंत चढलो होतो तिथूनच खाली उतरायचे. एड्सगर डाइक्स्ट्रा नावाच्या थोर डच संगणकशास्त्रज्ञाने १९६८ सालीच 'गो टू' हानिकारक असल्याचे छापून टाकले होते. लिनक्सवाले या एका बाबतीत त्यांचे ऐकत नाहीत. सोवळ्यातल्या घरातसुद्धा लसूण कुठे ठेवलेला असतो ते स्वयंपाकघराला माहीत असते.

आता यात चुका कशा होतात? कार्यालय सोडायला विसरले, तर ते कोणाच्याच कामाला न येता अडकून पडते. अशी शंभर लग्ने मोडली की गावात कार्यालयच उरत नाही. उलट, घाबरून दोनदा सोडले तर आणखी वाईट. पहिल्यांदा सोडल्यावर मालकाने ते दुसऱ्या पार्टीला दिलेले असते, आणि आपल्या दुसऱ्या फोनने तिसऱ्याच कोणाचे तरी लग्न मोडते. सगळ्यांत भयंकर म्हणजे कुलूप काढायचे राहून जाणे. चाळीतल्या संडासाला आतून कडी लावावी आणि मागच्या खिडकीतून पसार व्हावे, तसला प्रकार. बाहेर बादल्या घेऊन रांग उभी, आत कोणी नाही, आणि प्रत्येक जण समजतो की आतल्या माणसाची तब्येत बरी नसेल. संपूर्ण यंत्र असे सभ्यपणे रांगेत उभे राहून गप्प होते.

पण माझ्या मते, आणि मी हे बँकेतल्या अनुभवावरून सांगतो, याहून वाईट चूक एकच. बिघाड झाल्याचे कळले आणि वर सांगितलेच नाही, ती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मंडळींनी लिनक्समधल्या फाइल सिस्टीमचा आणि डिस्कशी बोलणाऱ्या तीन मोठ्या प्रोग्रामांचा सगळा मजकूर यंत्राकडून वाचून घेतला आणि २००८ साली निष्कर्ष मांडला. जिथे जिथे खालून एरर येऊ शकते अशा जागांपैकी ११५३ ठिकाणी ती ऐकून घेऊन सोडून दिलेली होती. शेकडा १३. शंभर तक्रारींपैकी सत्त्याऐंशी पुढे पाठवणारे कार्यालय कुठे असेल तर मी बदलीचा अर्ज करायला तयार आहे, हा भाग निराळा. पण ही खतावणी आहे, आणि खतावणीत शेकडा १३ म्हणजे दिवाळे. त्या निबंधाचे नावही मोठे खट्याळ ठेवलेले आहे. 'चूक-निस्तरणी कधीकधी बरोबर असते' असा त्याचा अर्थ, आणि इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ई-आय-ओ, म्हणजे आपले उणे ५.

त्या अभ्यासकांनी एक फार चांगले केले. लिहिणाऱ्यांनी अशा जागी शेजारी ज्या टिपा लिहून ठेवल्या होत्या त्याही त्यांनी गोळा केल्या. एकाने लिहिले होते की हा ब्लॉक सोडून पुढे जाऊ आणि बरे होईल अशी आशा करू. दुसऱ्याने स्वच्छ कबूल केले होते की आता चालू राहण्याचा प्रयत्न करण्यापलीकडे हातात काही नाही. या दोन्ही टिपा मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. कर्जवसुली विभागाच्या अहवालात त्या जशाच्या तशा खपतील.

यावर भाच्याने मला २०१८ सालचे प्रकरण सांगितले, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ते असे. कॉम्प्युटरला आपण काही 'सेव्ह' करायला सांगतो तेव्हा ते लगेच डिस्कवर जात नाही. ते मेमरीत ठेवून घेतो, 'झाले' म्हणतो आणि मागाहून सवडीने डिस्कवर लिहितो. यात लबाडी काही नाही. बँकेत आपण पैसे भरता, शिक्का मारलेली स्लिप घेऊन घरी जाता, पण नोटा संध्याकाळपर्यंत कॅशियरच्या ड्रॉवरमध्येच असतात, तसेच ते. ज्यांना खात्रीच हवी त्यांच्यासाठी 'एफसिंक' नावाची सोय असते. तिचा अर्थ, पैसे तिजोरीत पोहोचल्याचे कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आमच्याकडे दर महिन्याच्या १ तारखेला असे पाचसात एफसिंक काउंटरपुढच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असतात.

तर पोस्टग्रेस नावाचा, मोठमोठे हिशेब सांभाळणारा एक प्रोग्राम आहे. त्याच्या मंडळींना २०१८ साली कळले की डिस्क बिघडली तर एफसिंकला 'नाही पोहोचले' असे उत्तर येते खरे, पण एकदाच. थोड्या वेळाने पुन्हा विचारले की उत्तर येते, 'सगळे ठीक!' पैसे पोहोचले म्हणून नव्हे. पहिल्यांदा 'नाही' म्हणतानाच आतल्या माणसाने 'हे काम बाकी आहे' ही चिठ्ठी फाडून टाकलेली असते. दुसऱ्यांदा विचारल्यावर तो ट्रे बघतो, चिठ्ठी नाही, म्हणजे बाकी काही नाही, म्हणजे ठीक! त्यातही पूर्वी पहिल्यांदा भलत्याच कोणी विचारले तर 'नाही' त्यालाच मिळे आणि पैशाचा मालक मागाहून आला की 'ठीक' ऐकून घरी जाई. २०१७ साली आलेल्या लिनक्सच्या ४.१३ आवृत्तीपासून ज्यांनी ज्यांनी ती फाइल उघडलेली आहे त्या प्रत्येकाच्या कानावर निदान एकदा 'नाही' घालायची व्यवस्था झाली. पण चिठ्ठी फाडणे तसेच. पोस्टग्रेसवाले वीसेक वर्षे भाबडेपणाने 'नाही' ऐकल्यावर पुन्हा विचारत आणि 'ठीक' ऐकून पुढे जात होते.

"मग काय केलं त्यांनी?" मी विचारले.

"२०१९ च्या सुरुवातीला बदललं. आता पहिलं 'नाही' ऐकलं की सगळं दुकान बंद. पुन्हा उघडायचं आणि जर्नलवरून सगळं जुळवायचं."

कीर्द शाबूत असली की धंदा पुन्हा उभा राहतो, हे मला वर्गात शिकवले होते. परीक्षेत आले नव्हते म्हणून विसरलो होतो, एवढेच.

डिस्क मुद्दाम बिघडवता येत नाही, मग या ओळी तपासतात कशा, असाही प्रश्न मला पडला. तर त्यासाठी खोटी डिस्क करतात. थोडा वेळ नीट वागायचे आणि मग ठरल्या वेळी रुसून बसायचे, एवढेच तिला शिकवलेले असते. लिनक्समध्ये 'फुल' नावाचे एक काल्पनिक यंत्रही कायम बसवलेले आहे. त्यावर काहीही लिहायला जा, ते म्हणते उणे २८, जागा नाही. एकच अक्षर लिहायचे असले तरी जागा नाही. पगार न घेता असे काम करणारे यंत्र आहे, हे आमच्या लॉकर विभागाला कळू न दिलेले बरे.

गेल्या जूनमध्ये भाचा तीन दिवस गप्प होता. मामीला वाटले मुलीचे प्रकरण. मला वाटले नोकरी गेली. चौथ्या रात्री जेवणानंतर त्याने टेबलावरचे ताक बाजूला सारून लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

दुरुस्ती जेमतेम आठ ओळींची होती. पाठवणारा गृहस्थ या क्षेत्रात पंचवीस वर्षे मुरलेला, म्हणजे भाचा पाळण्यात होता तेव्हापासूनचा. पूर्वी एका जागी डिस्क 'उणे ५' म्हणे ते कोणी ऐकतच नसे. या गृहस्थांनी ते ऐकून 'एर' नावाच्या कप्प्यात नीट ठेवले आणि शेवटच्या पायऱ्यांकडे उडी मारली. इथपर्यंत उत्तम. पण त्या पायऱ्यांवर जर्नलमधली नोंद बंद करायचे काम होते, आणि त्या कामाचे उत्तरही त्याच 'एर' कप्प्यात ठेवले जात होते. नोंद बंद व्हायला काही अडचण नव्हती, उत्तर आले शून्य. उणे ५ च्या डोक्यावर शून्य बसले आणि वर निरोप गेला, सगळे ठीक.

"म्हणजे शेऱ्याच्या रकान्यात एकाने लिहिलं 'रक्कम जमा नाही'," मी म्हणालो, "आणि दुसऱ्याने ते खोडून त्याच रकान्यात लिहिलं 'ड्रॉवरला कुलूप लावलं, ठीक'."

"बरोब्बर."

"मग लिही की त्यांना तसं."

"मामा, तुला वाटतं तेवढं सोपं नाहीये. त्याने जे दुरुस्त केलंय ते बरोबरच आहे. हा शेवटचा भाग जुना आहे, त्याने लिहिलेला पण नाही. इतकी वर्षं इतक्या लोकांनी वाचलाय. मी काल आलेला. आणि आमच्या वरच्याला ही उद्या सकाळी पास झालेली हवीय, तो रोज विचारतोय, आठ ओळींना किती दिवस लागतात?"

हे शेवटचे वाक्य मी ओळखले. निरनिराळ्या आवाजांत मी ते चोवीस वर्षे ऐकत आलो आहे. भाच्याला उपदेश केला असता तर तो उठून गेला असता. म्हणून मी त्याला आमच्या हेड कॅशियरची गोष्ट सांगितली.

मी नोकरीला लागून दोन वर्षे झाली असतील. शाखेत कॉम्प्युटर आला होता, पण कॅशचे स्क्रोल अजून हाताने लिहिले जाई. एका संध्याकाळी कॅश जुळेना. कमी भरली असती तर गोष्ट निराळी, कॅशियर खिशातून भरतात आणि गप्प बसतात. इथे जादा होती, ३४०० रुपये. हेड कॅशियरांनी तीनदा मोजली. रात्रीचे साडेआठ झाले. सगळ्यांच्या लोकल आणि बसगाड्या निघून चालल्या होत्या. एक जण म्हणाला, 'जादाच आहे ना, मग बोंब कोण मारणार आहे? उद्यापरवा कुठे तरी जिरवून टाकू.' त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांनी उचंत खात्याचे पान उघडले, ३४०० रुपये जमा दाखवले आणि समोर लिहिले, 'कारण समजले नाही. नोटा शंभराच्या ३४. दिनांक, वेळ, काउंटर नंबर २.' मग साहेबांना उठवून त्यावर सही घेतली. साहेब 'चालू ठेव' जातीचे होते, त्यांना ही सही जड गेली, कारण उचंत खात्यातली नोंद वरच्या कार्यालयाला दिसते आणि वरचे कार्यालय प्रश्न विचारते. विचारलेच. दोन पत्रे आली. 'कारण समजले नाही म्हणजे काय' असे दुसऱ्या पत्रात होते.

सतरा दिवसांनी मंडईत भाजी विकणाऱ्या एक बाई आल्या. मुलाची कॉलेजची फी भरायची म्हणून पैसे काढायला आल्या तर खात्यात पैसे नाहीत. कनवटीच्या पुरचुंडीतून त्यांनी स्लिपचे अर्धे पान काढले. आमचाच शिक्का, आमचीच तारीख, ३४०० रुपये. दुसरे अर्धे पान काउंटर नंबर २ च्या ड्रॉवरमागच्या फटीत सापडले, ते स्क्रोलवर चढलेच नव्हते. बाई भांडल्या नाहीत. त्या नुसत्या स्लिप पुढे धरून उभ्या होत्या, आणि जो येईल त्याला ती दाखवत होत्या. ती उचंतची नोंद नसती तर त्या कागदाला आम्ही काय उत्तर दिले असते, ते मला ठाऊक आहे. 'बाई, कॅश त्या दिवशी बरोबर जुळली होती, तुमचं काही तरी चुकतंय.' आणि ते आम्ही अगदी प्रामाणिकपणे, वही दाखवून म्हटले असते. हेड कॅशियरांनी पान उघडले, तारीख जुळवली, दहा मिनिटांत पैसे त्यांच्या खात्यात. बाईंनी जाताना त्यांना पावशेर मिरच्या दिल्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. मला वाटते घ्यायला हव्या होत्या.

भाचा यावर काही म्हणाला नाही. लॅपटॉप उचलून खोलीत गेला. साडेअकराला मला हाक आली. त्याने पत्र लिहिले होते. त्यातली पहिली तीन वाक्ये क्षमायाचनेची होती: आपण मोठे, मी लहान, माझेच वाचण्यात काही चुकत असेल, वगैरे. आमच्या घराण्याची मराठीतली सवय इंग्रजीत उतरली होती. मी काही बोलायच्या आत त्यानेच ती पुसली. चौथे वाक्य ठेवले: इथे आधीची एरर पुसली जाते आणि वर शून्य जाते, दोन उत्तरांना दोन कप्पे हवेत, आधीचे शून्य असेल तरच दुसरे वर जावे. पाठवून दिले. आणि सकाळी वरच्याला सांगितले, "अजून पास नाही." वरचा काय म्हणाला ते त्याने सांगितले नाही, पण त्या दिवशी तो जेवायला नेहमीपेक्षा एक भाकरी कमी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. मला वाटले होते, विद्वान माणूस आहे, चांगले दोन पानी तासेल. उत्तर दीड ओळीचे होते. बरोबर आहे, माझ्या नजरेतून सुटले, नवीन पाठवतो. नवीन आली ती तेरा ओळींची, दोन कप्प्यांची. आणि सोबत आणखी दोन दुरुस्त्या होत्या, कारण हाच प्रकार त्या गृहस्थांना शोधल्यावर आणखी दोन जागी सापडला होता. त्या जागा कधीपासून तशा होत्या ते भाच्याने काढले, अकरा वर्षे. त्याने तिन्ही पुन्हा वाचल्या, खोट्या डिस्कवर दोन रात्री चालवून पाहिल्या आणि मग खाली आपले नाव घातले. तपासून सही. बँकेत मी एवढ्या वेळात अख्ख्या तालुक्याची व्हाउचरे पास केली असती.

आमच्या हिला मी हे सगळे सविस्तर सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला, "एवढं करून बदललं काय?"

"डझनभर ओळी," भाचा म्हणाला.

"लोकांना कळेल का फरक?"

"नाही गं मामी. डिस्क बिघडली तरच. एरवी कोणालाच कळणार नाही."

तिने मान डोलावली आणि आत जाऊन फोन घेऊन आली. सासूबाई गेल्याला आता चार वर्षे होतील. त्यांच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या हिने शेवटच्या उन्हाळ्यात फोनवर उतरवून घेतल्या होत्या, मागे पंख्याचा घरघराट आणि मधे एकदा दूधवाल्याची हाक असलेल्या. फोन जुना झालाय, मधूनमधून बंद पडतो.

"मग आता तुझ्या त्या लॅपटॉपवर ठेवल्या तर राहतील ना रे नीट?"

भाच्याने लॅपटॉपकडे पाहिले. मग फोनकडे पाहिले.

"दोन ठिकाणी ठेव मामी," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "तीन."